संगणकाच्या पुस्तकाचे निव्वळ वजन

आमच्या वजनमापे नियंत्रण कार्यालयात संगणक आले, तेव्हा सर्वप्रथम त्यांचे वजन करण्यात आले. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्याकडे जे जे येते त्याचे आधी वजन होते आणि मग त्याच्याविषयी मत बनते. खुद्द साहेब बदलून आले त्या दिवशी तेही सवयीने आधी काट्यावर चढले आणि मग खुर्चीत बसले. त्यानुसार पडदे वेगळे, कळफलक वेगळे असे सगळे रीतसर तोलण्यात आले. माउस नावाचे जे छोटे उपकरण असते त्याची शेपटी वजनात धरायची की नाही यावर थोडा वाद झाला, म्हणून तो एकदा शेपटीसह आणि एकदा शेपटी वर उचलून धरून तोलला. मग प्रत्येक संगणकावर निळे आच्छादन घातले, आच्छादनाला दोरी बांधली आणि दोरीच्या गाठीवर शिशाचे सील ठोकले. आता संगणक पूर्ण सुरक्षित होते.

संगणकांच्या पाठोपाठ वरून आदेश आला. सर्व कर्मचाऱ्यांनी वर्ष संपायच्या आत डिजिटल कौशल्य मिळवावे. त्यासाठी कार्यालयाने बाजारातील पुस्तकांमधून एक मानक पुस्तक निवडावे. त्यावर परीक्षा घ्यावी. आणि जो नापास होईल त्याला संगणकाची गरज नसलेल्या जागी पाठवावे. पुस्तक ठरेपर्यंत कुणी संगणकाला हात लावू नये, हे साहेबांनी स्वतःच्या अधिकारात त्यात जोडले. न शिकता हात लावला तर यंत्र बिघडू शकते, पण हात न लावता शिकले तर काहीच बिघडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

संगणकाची गरज नसलेली जागा आमच्याकडे एकच आहे, ती म्हणजे मागच्या अंगणातले जप्तीचे गोदाम. आतून पोकळ केलेली वजने, खोटा तळ बसवलेली मापे, गंजलेले तराजू आणि नमुन्यादाखल आणलेल्या पिठाची फुटकी पोती तिथे पत्र्याच्या छपराखाली पडून असतात. खिडकी एक आहे आणि ती खिळे ठोकून बंद केलेली आहे. आत पाऊल टाकले की धूळ आधी नाकात जाते आणि मग काय दिसेल ते दिसते.

या आदेशाचा सगळ्यांत जास्त धसका कुणी घेतला असेल तर तो काकूंनी. काकू म्हणजे आमच्या शिक्क्याच्या खिडकीवरच्या कारकून. दुकानदारांनी तपासणीला आणलेली वजने घ्यायची, पारखायची, त्यावर शिक्का मारून परत द्यायची, हे काम त्यांनी इतकी वर्षे केले आहे की सगळे गाव त्यांना काकू म्हणते आणि विसरून कधीकधी साहेबही म्हणतात. जिभेला धार, हाताला चपळाई आणि छातीत दमा. मागे एकदा एक माप आणायला त्या गोदामात गेल्या होत्या, तर परत येऊन अंगणातच बसल्या आणि ओठ निळे पडले. त्या गोदामात पुन्हा पाय ठेवू नका, असे डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते. आता तिथे पाय ठेवायचा नव्हता, खुर्ची ठेवायची होती.

पुस्तक निवड समितीचा सदस्य-सचिव म्हणून माझी नेमणूक झाल्याचे कळताच काकू माझ्या टेबलाशी आल्या.

"हे बघा सचिव," त्या म्हणाल्या, "कुठलंही पुस्तक निवडा, पण लवकर निवडा. मला डोक्यात शिरायला वेळ लागतो. आणि गोदामात गेले तर मी परत या खिडकीशी यायची नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होते. मी त्यांना शब्द दिला आणि लगेच कामाला लागलो, म्हणजे समितीची पहिली बैठक बोलावली.

समितीवर संगणक येणारा माणूस असू नये, हे साहेबांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. ज्याला येते तो ज्या पुस्तकातून शिकला त्याचीच बाजू घेणार, हे उघड आहे. आवक-जावक विभागातल्या एका कारकुनाने उत्साहाने हात वर करून आपल्याला थोडेफार येते असे सांगितले, तेव्हा त्याला तिथल्या तिथे बाहेर पाठवण्यात आले. ते पाहून उरलेल्यांनी आपल्याला काहीही येत नसल्याचे एकमेकांच्या साक्षीने सांगितले. अशा रीतीने एक संपूर्ण निःपक्षपाती समिती अस्तित्वात आली. अध्यक्ष साहेब, तांत्रिक सदस्य ज्येष्ठ निरीक्षक, सचिव मी, आणि शिकणाऱ्यांच्या प्रतिनिधी म्हणून काकू. काकूंना मत मांडायचा अधिकार होता, मत द्यायचा नव्हता.

ज्येष्ठ निरीक्षकांना आम्ही पाठीमागे मिलिग्राम म्हणतो. अतिशय सचोटीचा माणूस. एका दुकानात पारड्यावर माशी बसलेली असताना साखर तोलली म्हणून त्यांनी दुकानदारावर खटला भरला होता. माशी कुणाच्या बाजूने बसली होती हा प्रश्न न्यायालयात बरीच वर्षे चालला आणि तोवर माशी साक्षीला हजर करणे शक्य राहिले नव्हते, एवढ्यावरच तो दुकानदार सुटला.

मिलिग्राम, मी आणि काकू असे तिघे पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, शिकणाऱ्याला काय काय येतं. काकूंनी खरे ते सांगितले, की काहीच येत नाही, चालू कसं करायचं इथपासून हवं. त्याने मागे वळून कपाटातून एक पातळसे पुस्तक काढले. आधी हे वाचा, यंत्रासमोर बसून वाचा, मग पुढचं पुढे बघू, असे तो म्हणाला. काकूंनी ते उघडले. पहिल्याच पानावर चालू करायच्या बटणाचे मोठे चित्र होते. काकूंच्या चेहऱ्यावर मला त्या आठवड्यात प्रथमच हसू दिसले.

मिलिग्रामांनी ते पुस्तक त्यांच्या हातून घेतले, तळहातावर तोलले आणि फळीवर ठेवून दिले.

"हलकं आहे," ते म्हणाले.

काकूंनी ते स्वतःपुरते विकत घ्यायची तयारी दाखवली. त्यावर मिलिग्रामांनी त्यांना बाजूला घेऊन समजावले, की मानक ठरण्याआधी कर्मचाऱ्याने परस्पर एखादे पुस्तक बाळगणे म्हणजे दुकानदाराने शिक्का नसलेले वजन गल्ल्याखाली लपवण्यासारखेच आहे. ज्या बाईने आयुष्यभर शिक्के मारले तिला हे पटायला हवे होते. काकूंनी पुस्तकाकडे एकदा पाहिले आणि पैसे पिशवीत परत ठेवले.

बाकीची पुस्तके मात्र चांगली भरभक्कम होती. कुणी महिन्यात शिकवत होते, कुणी आठवड्यात, कुणी एका दिवसात, आणि एकाने तर झोपेतून उठण्याच्या आत शिकवण्याची हमी दिली होती. एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की शिकवण्याची मुदत जितकी कमी तितके पुस्तक जाड. कुठले घ्यावे हे ठरेना, तेव्हा मिलिग्रामांनी नमुना निवडताना पक्षपात नको म्हणून ते अख्खे कपाटच पोत्यांत भरायला सांगितले. कपाटावर 'यंत्रे व उपकरणे' अशी पाटी होती. दुकानदार काही बोलायला गेला, पण मिलिग्रामांनी त्याच्या गल्ल्याजवळच्या काट्याकडे नुसते रोखून पाहिले आणि तो मुकाट्याने पोती धरू लागला.

दुसऱ्या बैठकीत निवड कशी करायची हा प्रश्न आला. मी भीतभीत सुचवले की पुस्तके वाचून पाहावीत. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुस्तक वाचले तर त्यातले समजण्याचा धोका होता, आणि समजले तर तो सदस्य संगणक येणाऱ्यांत जमा होऊन समितीतून बाद झाला असता. एकेक पुस्तक वाचून होईपर्यंत समितीच उरली नसती. मला माझी चूक उमगली आणि मी सूचना मागे घेतली.

"आपण वजनमापाची माणसं," मिलिग्राम म्हणाले. "आपल्याला येतं तेच करू. तोलू."

"काय तोलणार?" काकूंनी विचारले.

"ज्ञान. निव्वळ वजन."

आवेष्टित मालाचा नियम सर्वांना ठाऊक आहे. डबा, पुठ्ठा, पिशवी वजा करून आत माल किती आहे तो मोजायचा. पुस्तकालाही हाच नियम लावला पाहिजे, हे मिलिग्रामांचे म्हणणे इतके बिनतोड होते की साहेबांनी खुर्चीतून उठून त्यांच्याशी हात मिळवला. शहरातल्या कुठल्याही पुस्तकावर आतल्या ज्ञानाचे निव्वळ वजन छापलेले नाही, हा गंभीर गुन्हाही त्याच वेळी उघडकीस आला. सगळ्या प्रकाशकांना नोटिसा गेल्या. एकाने उलट टपाली कळवले की ज्ञान मोजता येत नाही. जो माल मोजता येत नाही तो विकता कसा, असे मिलिग्रामांनी त्याला विचारले.

मग तपासणीच्या खोलीत काम सुरू झाले. मोठे टेबल मांडले, त्यावर सोन्याचांदीच्या तपासणीला वापरतो तो नाजूक काटा ठेवला. टेबल थोडे डुगडुगत होते, म्हणून ते पातळ पुस्तक, हलकेपणामुळे पहिल्या फेरीतच बाद झालेले, घडी न करता टेबलाच्या पायाखाली सरकवले. टेबल अगदी स्थिर झाले. एवढ्या सगळ्या पुस्तकांत प्रत्यक्ष उपयोगी पडलेले ते एकच, हे मला मान्य करावे लागेल.

आधी सर्वांचे पुठ्ठे काढले, कारण ते वेष्टन. मग अर्पणपत्रिका फाडल्या. 'प्रिय पत्नीस, जिच्या सहनशीलतेमुळे' यात संगणक कुठे आहे? लेखकाचे छायाचित्र गेले, लेखकाचा परिचय गेला, मान्यवरांची प्रस्तावना गेली. एका पुस्तकात तर चार मान्यवरांच्या चार प्रस्तावना होत्या आणि चौघांनीही वेळेअभावी पुस्तक वाचता आले नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. त्या चारही गेल्या. कोरी पाने गेली, जाहिराती गेल्या, 'या पुस्तकामुळे होणाऱ्या नुकसानीस प्रकाशक जबाबदार नाही' हे पान गेले. चित्रे नुसती पाहायची असतात, शिकायची नसतात, म्हणून चित्रे गेली. शेवटी मिलिग्रामांच्या लक्षात आले की 'आता एंटर दाबा' हे वाक्य पानापानावर येते. एकच माल पुन्हा पुन्हा भरून वजन वाढवणे ही भेसळ. म्हणून ते पहिल्यांदा आले तिथे ठेवून बाकी सगळीकडून कात्रीने कापून काढायचे ठरले.

कात्री काकूंच्या हातात दिली. दिवसचे दिवस त्या 'आता एंटर दाबा' कापत बसल्या. कागदाचा भुगा उडू लागला आणि काकूंना खोकला सुरू झाला. खोकल्याने काटा हलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तोलावे लागायचे. मिलिग्रामांनी त्यांना अतिशय सभ्यपणे सांगितले, की खोकायचे असेल तेव्हा काटा स्थिर होईपर्यंत थांबावे किंवा बाहेर जाऊन खोकावे. काकू बाहेर जाऊन खोकत. खोली बंद असूनही आवाज आत येत असे. मला वाईट वाटले. इतिवृत्तात 'वाईट वाटणे' यासाठी रकाना नसल्यामुळे मी ते तिथे लिहिले नाही.

निकाल लागला. पुठ्ठ्याविना उघडेबोडके झालेले सगळे गठ्ठे ओळीने मांडले होते आणि त्यांतल्या एकाचे निव्वळ वजन सगळ्यांना मागे टाकून गेले होते. त्यातून काढण्यासारखे जवळजवळ काही निघालेच नव्हते. ना प्रस्तावना, ना अर्पणपत्रिका, ना लेखकाचा फोटो. नुसता माल. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मिलिग्रामांचे डोळे पाणावले. आजवरच्या नोकरीत इतका प्रामाणिक गठ्ठा आपण पाहिला नाही, असे ते म्हणाले.

काकूंनी पुढे होऊन वरचे पान वाचले. मग खालचे वाचले. मग मधलेच एक काढून वाचले.

"अहो साहेब," त्या म्हणाल्या, "हे कपडे धुवायच्या यंत्राचं आहे."

ते खरेच होते. दुकानदाराच्या कपाटात सगळ्याच यंत्रांची माहिती देणारी पुस्तके होती आणि धुलाई यंत्राच्या पुस्तकाला कुणी मान्यवर प्रस्तावना लिहीत नाहीत, की कुणी ते आपल्या पत्नीला अर्पण करायचे धाडस करत नाही. म्हणूनच ते जिंकले होते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. समितीपुढे प्रश्न सर्वांत जास्त निव्वळ वजन कशाचे एवढाच होता, आत काय लिहिले आहे हा नव्हता, याची त्यांनी काकूंना आठवण करून दिली. आत काय लिहिले आहे हे पाहायचे असते तर वाचले असते. शिवाय आपल्यापैकी कुणालाच संगणक येत नसताना हे संगणकाचे नाही असे ठामपणे म्हणणे म्हणजे अहंकार होता. तेही यंत्र, हेही यंत्र. यातही बटण, त्यातही बटण. ठराव मंजूर झाला. काकूंना मत द्यायचा अधिकार नव्हताच.

मानक पुस्तकाच्या प्रती काढून सर्वांना वाटण्यात आल्या. आमचे कार्यालय अभ्यासाला लागले ते इतके की व्हरांड्यातून जाताना कानावर पाठांतरच पडे. यंत्र सुरू करण्यापूर्वी खिसे तपासावेत. भार समतोल नसल्यास यंत्र हादरते. हे वाक्य तर आम्हा वजनमापवाल्यांना फारच पटले. रंगीत आणि पांढरे एकत्र टाकू नये, याचा अर्थ रंगीत आणि साधी छपाई एका वेळी करू नये असा असल्याचे मिलिग्रामांनी सर्वांना समजावून सांगितले. माझ्या स्वतःच्या मनात संगणकाविषयी जी भीती होती ती या अभ्यासाने पार गेली. घरच्या धुलाई यंत्राविषयीही मला आता बरीच माहिती होती.

काकू मात्र पाठ करत नव्हत्या. एकदा चहाच्या सुट्टीत मी त्यांना टोकले, की परीक्षा तोंडावर आली आहे आणि मागे ते गोदाम आहे. त्या म्हणाल्या, मी घरी शिकतेय. कुणाकडून, मी विचारले.

"सासूबाईंकडून."

काकूंच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर खुर्चीत. मुलाने विरंगुळा म्हणून संगणक आणून दिला, तर विजेच्या बिलापासून परगावच्या बहिणीशी तोंड बघून बोलण्यापर्यंत सगळे त्या बसल्या जागी करतात. काकूंनी मला सांगितलेली शिकवण्याची पद्धत अशी. सासूबाई म्हणतात, दाबून बघ. काकू विचारतात, बिघडलं तर? सासूबाई म्हणतात, माझ्या मुलानं आणलंय, तुझ्या माहेरून नाही आलं, बिघडू दे. चुकलं की म्हणतात, लग्न होऊन आलीस तेव्हाही तुला एकदा सांगून कळत नव्हतं. बरोबर आलं तर म्हणतात, हे तर कुणालाही येतं.

"रोज संध्याकाळी तासभर हे ऐकते," काकू म्हणाल्या. "कधीकधी वाटतं, यापेक्षा ते गोदाम काय वाईट. पण मग श्वास आठवतो आणि पुन्हा बसते."

सासूबाईंकडे पुस्तक कुठले आहे, हे मी सचिव या नात्याने विचारले. पुस्तक नव्हतेच. मी हे ऐकले नाही असे समजून कानावर हात ठेवले, कारण अमानक स्रोताकडून शिकल्याचे कळते तर काकूंना परीक्षेलाच बसू दिले नसते. माणसाने एखाद्यासाठी याहून जास्त काय करावे?

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठ्या दालनात टेबले मांडली, भिंतीकडेला सीलबंद संगणक आपापल्या निळ्या आच्छादनात बसून होते. पहिला प्रश्न होता, 'यंत्र सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी लिहा.' आम्ही सगळे खाली मान घालून लिहू लागलो. काकू उभ्या राहिल्या. मूळ आदेशात एक ओळ होती, की उमेदवाराची इच्छा असल्यास त्याला संगणकावर उत्तरे लिहिता येतील. ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचली नव्हती, कारण आदेश फार जाड नव्हता. काकूंनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि संगणक मागितला.

साहेबांचा नाइलाज झाला. सील तोडले, आच्छादन काढले. आम्ही सगळे चार हात लांब सरकलो आणि मिलिग्रामांनी खबरदारी म्हणून वाळूची बादली जवळ घेतली. काकूंनी बटण दाबले. काही हादरले नाही. पडदा उजळला, आणि काकूंची ती शिक्के मारणारी चपळ बोटे कळफलकावर चालू लागली. त्यांनी मधूनच जीभ चावली, मधूनच पुटपुटल्या, बहुधा सासूबाईंना उद्देशून. मानक पुस्तकातले प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले आणि त्याऐवजी आमच्या शिक्क्याच्या खिडकीचे अख्खे काम तिथे मांडले. कुठल्या दुकानाचे कुठले वजन कधी तपासायचे, कुणाची मुदत संपत आली, कुणाला आठवण करायची, सगळे एका नजरेत दिसेल असे. वेळ संपल्यावर त्यांनी ते बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये घातले आणि साहेबांच्या हातात ठेवले. काकूंचा चेहरा फुलला होता. खोकला त्या दिवशी एकदाही आला नव्हता.

उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत वेगळी ठेवण्याचे काही कारण नव्हते. पुस्तक ज्या कसोटीने निवडले त्याच कसोटीने उत्तरे तपासणे हाच न्याय. कोऱ्या पुरवण्या वजा करून मिलिग्रामांनी एकेक उत्तरपत्रिका काट्यावर ठेवली. मी जाड निबाचे पेन वापरले होते आणि भरपूर शाई ओतली होती, त्यामुळे मी पहिला आलो. साहेब परीक्षेला बसले नव्हते, तरी अध्यक्ष म्हणून त्यांना दुसरा क्रमांक देण्यात आला.

काकूंच्या पेन ड्राइव्हची पाळी आली तेव्हा मिलिग्राम बराच वेळ विचार करत राहिले. ते अन्यायी नाहीत. पेन ड्राइव्ह हे वेष्टन, आतला मजकूर हा माल. म्हणजे भरलेल्याच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा करायचे. त्यांनी तशाच जातीचा एक कोरा पेन ड्राइव्ह बाजारातून मागवला. दोन्ही दोन पारड्यांत ठेवले. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला. त्यांनी पारडी बदलून पुन्हा तोलले. तरीही मध्यावरच.

"शून्य," मिलिग्राम म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर खाली आला.

"एकदा उघडून तरी बघा," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, नेहमीसारखा टोमणाही मारला नाही. "साहेब, एकदाच. सगळं आत आहे."

"असेल बाई," साहेब म्हणाले. "पण उघडायचं म्हणजे संगणकावर. आणि संगणक आम्हाला येत नाही. आम्ही नुसते पास झालोय."

काकूंची बदली गोदामात झाली. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या सेवेचा गौरव केला, आणि मी भाषणात म्हणालो की अशी माणसे पुन्हा मिळणार नाहीत. नंतर मी त्यांची खुर्ची मागच्या अंगणापर्यंत स्वतः उचलून नेली. दाराशी ठेवली, कारण आत फार धूळ होती.

कार्यालयात आता सगळेच डिजिटल कौशल्यप्राप्त झाल्यामुळे संगणक जागा अडवू लागले, म्हणून तेही पाठोपाठ गोदामात गेले. वरिष्ठ कार्यालयाची सर्व पत्रे हल्ली संगणकावरच येतात, असे म्हणतात. गोदामात काकू ती उघडतात, छातीवर हात ठेवून दम घेतात, उत्तरे लिहितात आणि पाठवतात. मध्यंतरी वरून आमच्या कार्यालयाची तत्पर उत्तरांबद्दल प्रशंसा झाली. साहेबांनी ती स्वीकारली. काकूंच्या बदलीविरुद्ध सासूबाईंनी घरबसल्या संगणकावरून वर एक खणखणीत तक्रारही केली होती. रीतीप्रमाणे ती चौकशीसाठी आमच्याकडे आली, म्हणजे गोदामात आली, म्हणजे काकूंच्या पडद्यावर उमटली. स्वतःविषयीच्या तक्रारीवर स्वतः कार्यवाही करता येत नाही, हा नियम काकूंना पाठ आहे. ती तक्रार तिथेच आहे. काकू या महिन्यात दोनदा अंगणात बसलेल्या दिसल्या.

तुम्ही मघापासून हसता आहात. हसा. पण संगणक शिकवणारे एखादे जाडजूड पुस्तक तुमच्याही घरी असणारच. दुकानात ते कसे निवडलेत, आठवून पाहा. तळहातावर तोललेत, अंगठ्याखालून पाने भर्रकन सोडलीत, बरंच काही आहे यात असे म्हणालात आणि घरी आणलेत. आणले त्या दिवशी निम्मे शिकून झाल्यासारखे वाटले. हल्ली ते संगणकाच्या पडद्याखाली असते, उंचीसाठी. आमच्या मिलिग्रामांनी याहून वेगळे काय केले?

आणि काकूंसाठी तुम्हाला वाईट वाटले, हेही मी समजू शकतो. मलाही वाटले, वर नमूद केलेच आहे. पण खात्याची सवय सुटत नाही म्हणून एक विनंती करतो. ही गोष्ट वाचायला घेतलीत तेव्हाचे तुमचे वजन आणि काकूंसाठी हळहळून झाल्यानंतरचे तुमचे वजन, दोन्ही एकदा तोलून पाहा. काटा आमच्याकडे आहे, अगदी अचूक आहे, कुणीही यावे. फक्त खिडकीशी थोडे ताटकळावे लागेल, कारण तिथे सध्या कुणी बसत नाही.